डब्ल्यू-ए-एस म्हणजे 'वास'? पहिलीतल्या मुलांना साइट वर्ड्स कसे शिकवता?

भांडुपची_चिमणी | रविवार, रात्री १०:५२

मुलगी पहिलीत आहे, साडेसहा वर्षांची. घरात तिला चिऊ म्हणतो, इथेही तेच चालेल. शाळा इंग्रजी माध्यमाची. (मराठीत का नाही घातली यावर इथे नको, प्लीज. सासरी पुरेसं बोलून झालंय.)

जूनमध्ये शाळेने २२० शब्दांचे चार कागद हातात ठेवले. साइट वर्ड्स, म्हणजे बघताक्षणी वाचता आले पाहिजेत असे इंग्रजी शब्द. दर शुक्रवारी त्यातल्या दहांची डिक्टेशन. चिऊला पहिला कागद तोंडपाठ आहे, वरून खाली. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की ती मनातल्या मनात पहिल्यापासून सुरू करून तिथवर येते. सातचा पाढा म्हटल्याशिवाय साती आठे किती ते मला अजून सांगता येत नाही, तसंच.

क्रम मोडला की मजा सुरू. ए-आर-ई ती 'अरे' वाचते. एच-ए-व्ही-ई 'हवे'. टी-ओ 'तो', एच-ई 'हे'. परवा डब्ल्यू-ए-एसचं 'वास' केलं. सासरे खो खो हसले आणि तिने वही कपाटामागे टाकली. ती काढायला कपाट सरकवावं लागलं.

शाळेत भेटले तर उत्तर एकच, सराव कमी पडतोय. मग इंटरनेटवर ते मल्टिसेन्सरी प्रकरण बघितलं, डोळे-कान-हात सगळं वापरून शिकवायचं ते. परातीत रवा पसरला आणि बोटाने शब्द लिहायला लावले. अर्धा तास छान रमली. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी! वर सासूबाईंनी ऐकवलं की अन्नात बोटं घालून खेळायचं नसतं. मुंग्या आल्या त्या वेगळ्याच.

तर प्रश्न असा, की हे रवा-वाळू-चिकणमाती खरंच उपयोगाचं असतं का नुसतं व्हिडिओत छान दिसतं? कुणी केलंय का?

---

लोकलचा_डबा | रविवार, रात्री ११:२०

'अरे' आणि 'हवे' वाचून ट्रेनमध्ये एकटाच हसलो, शेजारचा सरकून बसला. आमच्याकडे सी-ओ-एम-ई 'कोमे' आणि ओ-एन-ई 'ओने' होतं. दोन्ही मिळून जपानी मिठाईचं नाव वाटतं.

वाचनखूण साठवली आहे. उत्तरं येऊ द्या.

---

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ७:०५

यात नवीन काय आहे ते कळलं नाही. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवरच अक्षरं गिरवत होती. धुळाक्षरं हा शब्द उगाच आला का? बोटाने गिरवायचं, तोंडाने म्हणायचं, डोळ्यांनी बघायचं. आता तेच गोऱ्यांनी इंग्रजी नावाने आणलं की आपण पैसे मोजून क्लास लावतो.

---

खडूस_बाप | सोमवार, सकाळी ९:४०

धागाकर्तीला सहानुभूती, पण मल्टिसेन्सरी हा शब्द ऐकला की मी खिसा धरतो. आमच्या मोठ्याला एका क्लासने दोन तास तपासून 'व्हिज्युअल लर्नर' ठरवलं आणि रंगीत कार्डांचा संच गळ्यात मारला. बारा हजार. कार्डं आता पत्त्यांच्या बंगल्याला कामी येतात.

२२० शब्द म्हणजे पाठांतर आहे, सरळ पाठ करून घ्या. आपण नाही का केलं?

---

भांडुपची_चिमणी | सोमवार, दुपारी १:१५

@खडूस_बाप, पाठच तर आहे हो तिला. तोच प्रॉब्लेम आहे.

---

काचकागद | सोमवार, रात्री ११:४८

मी चौदा वर्षं स्पेशल एज्युकेटर आहे, घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यात. सकाळीच लिहायचं होतं, आत्ता वेळ मिळाला. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी त्या २२० बद्दल. ही यादी एडवर्ड डॉल्च या अमेरिकन प्राध्यापकांची. मुलांच्या वाचनात सारखे सारखे येणारे शब्द त्यांनी १९३६ मध्ये काढले. नामं त्यात नाहीत, ९५ नामांची यादी वेगळी आहे. पुढे १९५७ मध्ये एडवर्ड फ्राय यांनी स्वतःची यादी केली आणि ती नंतर हजार शब्दांपर्यंत वाढवली. दोन्ही याद्या *वारंवार येणाऱ्या* शब्दांच्या आहेत. अक्षरं जोडून *वाचताच न येणाऱ्या* शब्दांच्या नव्हेत. या दोहोंची गल्लत झाली की २२० च्या २२० शब्द चित्रासारखे घोकायला लावतात.

चिऊचे कागद घ्या आणि कात्री चालवा. जंप, हेल्प, स्टॉप, बिग, कॅन, रन, इट हे सगळे त्या यादीतच आहेत आणि सरळ आहेत. अक्षराचा आवाज काढून जोडला की वाचता येतात. हे पाठ करायचेच नाहीत. बाजूला काढले की ढीग निम्म्याच्या आसपास उतरेल.

उरतात ते हट्टी शब्द. तेही पूर्ण हट्टी नसतात. 'सेड' घ्या. एस-ए-आय-डी. पहिला एस ऐकू येतो, शेवटचा डी ऐकू येतो, मधले ए-आय तेवढे वाकडे. मुलांना सांगायचं, एवढीच जागा लक्षात ठेव. मी ती दोन अक्षरं लाल करते, काही जण त्यावर बदाम काढतात. 'टू' म्हणजे दोन, त्यातला डब्ल्यू मुका. पण ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्विन म्हणताना तोच डब्ल्यू बोलतो, ही सगळी दोनाची भावंडं आहेत असं सांगितलं की मुलं खूश. हॅव आणि गिव्हच्या शेवटी ई का? इंग्रजीला शब्द व्हीवर संपलेला सहसा चालत नाही, म्हणून टेकू दिलाय. टेकू म्हटलं की आमच्याकडच्या मुलांना लगेच कळतं, निम्म्यांच्या बिल्डिंगला लागलेला असतो.

लिनिया एरी या अभ्यासक बाईंनी अनेक दशकं यावरच काम केलंय. त्यांचं म्हणणं, शब्द डोक्यात फोटोसारखा साठत नाही. शब्दातला एकेक ध्वनी त्याच्या त्याच्या अक्षराशी बांधला जातो आणि त्या गाठी पक्क्या बसल्या की शब्द बघताक्षणी वाचता येतो. चिऊकडे या गाठी नाहीत, यादीचा क्रम आहे. म्हणून मधूनच विचारलं की अडते.

आणि तिचं 'अरे' आणि 'हवे' ही चूक आहे, पण हुशारीची चूक आहे. मराठीत क या अक्षराचं नावही क आणि आवाजही क. जे लिहिलं ते वाचायचं, ही सवय तिच्या कानात बसलीय. इंग्रजीत एच या नावात ह नाहीच आणि डब्ल्यूच्या नावात व ऐकू येत नाही. उलट वायच्या नावात व आहे! तिच्या वहीत डब्ल्यूच्या जागी वाय पडलाय का, बघा एकदा.

आता रवा. हात परातीत, डोळे बहुधा मुंग्यांवर आणि तोंड बंद, असं झालं असणार. अशाने बोटाला गुदगुल्या होतात, शब्द बसत नाही. १९२० च्या दशकात ग्रेस फर्नाल्ड यांनी कॅलिफोर्नियात वाचनात अडकलेल्या मुलांसाठी जी पद्धत वापरली तिच्यात गिरवणं आहेच, पण ते तिथे थांबत नाही. लांब कागदी पट्टीवर तेलखडूने शब्द मोठा लिहायचा. मूल बोट टेकवून गिरवतं आणि गिरवताना शब्द मोठ्याने म्हणतं, हवं तितक्या वेळा. मग पट्टी पालथी घालायची आणि न बघता लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही. चुकलेला शब्द झाकायचा, पट्टी सुलटी करायची, पुन्हा गिरवायचं, पुन्हा पालथी. एकेक अक्षर बघून उतरवू द्यायचं नाही, पूर्ण शब्द एका दमात.

खरी मेहनत त्या पालथ्या पट्टीत आहे. व्हिडिओत तीच नसते.

@पाटीपेन्सिल, धूळपाटीचा मान आहेच. पण २०१२ मध्ये कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी अजून वाचायला न लागलेल्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांनी काही अक्षरं हाताने लिहिली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर टाइप केली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर वाचनाशी संबंधित भाग जागे झाले ते हाताने लिहिलेल्या अक्षरांना. गिरवलेल्यांना तसे नाहीत.

@खडूस_बाप, बारा हजारांचं वाईट वाटलं. व्हिज्युअल लर्नर वगैरे प्रकाराला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच सगळं तपासून लिहिलंय. मूल डोळ्याचं किंवा कानाचं नसतं. मल्टिसेन्सरीचा अर्थ डोळा, कान, तोंड, हात एकाच वेळी एकाच शब्दावर आणायचे, इतकाच. अशा पद्धतींतला गुण हाताच्या हालचालीचा किती आणि ध्वनी क्रमवार शिकवण्याचा किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझं मत विचाराल तर दुसऱ्याचा वाटा मोठा.

---

दादरची_आजी | मंगळवार, पहाटे ५:३०

काचकागद, तुमचं नाव वाचूनच मन भरलं. मी बालवाडीत एकतीस वर्षं शिकवलं. प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात आमच्याकडून काचकागदाची अक्षरं कापून घेतली होती. माँटेसरी बाईंची ती साधनं ताराबाई मोडकांनी आपल्या मुलांच्या हाताशी आणून बसवली. दादरचं शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डी, पुढे कोसबाड. त्या खेड्यांत महाग साधनं परवडणार कुठली, म्हणून शिंपले, बिया, माती, हाताला येईल ते.

करायचं असेल तर सांगते. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागा, बारीक घ्या, जाड घेतलात तर बोटं सोलतात. अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचं. अंगठ्याजवळची दोन बोटं, हलक्या हाताने, आणि ज्या दिशेने लिहायचं त्याच दिशेने फिरवायची. हे न सांगता मूल सोडलं की ते ओ खालून वर काढतं आणि मग ती सवय चौथीपर्यंत जात नाही. नंतर डोळे मिटून. डोळे मिटल्यावर अक्षर ओळखलं की मूल जे हसतं ना! एकतीस वर्षांत त्याचा कंटाळा आला नाही.

सूनबाईंच्या सासूबाईंना सांगा, रवा नको, रांगोळी घ्या. अन्नही नाही आणि घरात असतेच.

---

रेघोटी | मंगळवार, सकाळी १०:१०

रांगोळीची भुकटी बारीक असते. माझ्या मुलाला दमा आहे, एकदाच वापरली आणि रात्रभर नेब्युलायझर. आम्ही आता ताटात जाडं मीठ घेतो. (मीठही अन्नच, पण मुंग्या येत नाहीत.)

---

अस्सल_मुंबईकर | मंगळवार, सकाळी ११:३२

मातृभाषेतून शिकवलं असतं तर हा धागाच निघाला नसता. बसा आता ओने-कोमे करत.

लोकलचा_डबा | मंगळवार, सकाळी ११:३९

आले! मी पैज लावली होती की चोवीस तासांत येणार. छत्तीस लागले. हलके घ्या.

संपादक | मंगळवार, दुपारी १२:२०

माध्यमावर वेगळा धागा आहे, तिकडे जावे. इथले पुढचे सात प्रतिसाद हलवले आहेत.

---

खडूची_धूळ | मंगळवार, रात्री ९:१५

मी महापालिकेच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवतो. अस्सल_मुंबईकर यांच्या माहितीसाठी, २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. ओने-कोमे आमच्याकडेही आहे.

वर्गात ३८ मुलं. ३८ पराती कुठून आणू? म्हणून आम्ही बिनखर्चाचं करतो. मुलं आगगाडीसारखी एकामागे एक बसवतो आणि शेवटच्याला पट्टी दाखवतो. तो पुढच्याच्या पाठीवर बोटाने शब्द लिहितो, पुढचा त्याच्या पुढच्याच्या. इंजिनाने फळ्यावर लिहायचं. निघालेला 'सेड' पोचेपर्यंत 'सॅड' झालेला असतो. मग कुठे पडला आय, ते डबा-डबा उलटं जाऊन शोधायचं. या शोधात जितकं शिकतात तितकं माझ्या फळ्यावरच्या शिकवण्यात नाही.

दुसरं म्हणजे हात थोपटणं. डावा हात समोर लांब करायचा, उजव्या हाताने खांद्यापासून मनगटाकडे येत एकेक अक्षराला एकेक थाप, एस, ए, आय, डी, आणि शेवटी खांद्यापासून बोटांपर्यंत हात सर्रकन फिरवत 'सेड'. डावखुऱ्यांनी उलट. डिक्टेशनच्या वेळी पोरं बाकाखाली गुपचूप हात थोपटतात, मी बघून न बघितल्यासारखं करतो.

अवांतर: वर कुणी विचारलं नाही, पण मराठीतही थोडी गंमत आहेच. 'चार' आणि 'चाक' यांतला च एकच लिहितो, वाचतो वेगळा. 'कमळ' लिहिताना तीन पूर्ण अक्षरं, म्हणताना शेवटचा ळ अर्धाच. तरी पन्नास-साठ शब्द घोकावे लागत नाहीत, हे उपकार.

---

काचकागद | मंगळवार, रात्री ११:०२

@खडूची_धूळ, पाठीची आगगाडी मी चोरली आहे.

हात थोपटणं ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीतलं, वाचनात अडकणाऱ्या मुलांसाठीची ती एक पद्धत. त्यातलीच आणखी एक गोष्ट मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वाटते. खिडकीला डासांसाठी लावतो ती प्लास्टिकची जाळी. वहीच्या पानाएवढा तुकडा कापून कडांना चिकटपट्टी लावा, नाहीतर ओरखडे येतात. जाळीवर कागद, कागदावर तेलखडूने शब्द लिहायचा. खालच्या जाळीमुळे रेघ खडबडीत उमटते, लिहिताना हाताला करकर जाणवते आणि लिहून झाल्यावरही बोट फिरवलं की लागते. सांडत नाही, उडत नाही, सासूबाईंची हरकत नाही.

एक पथ्य. आठवड्याला तीनच हट्टी शब्द. शाळा दहा देईल, द्या म्हणावं. त्यातले सरळ असतील ते जोडून वाचून होतात. जुने शब्द दर दोन-तीन दिवसांनी मधूनच, क्रम मोडून. आणि 'वॉज' आणि 'सॉ' एकाच आठवड्यात आणू नका, एकमेकांना उलटे आहेत.

---

रेघोटी | बुधवार, दुपारी ३:२५

हे सगळं करूनही जमत नसेल तर डिस्लेक्सियाची (वाचन-लेखनातल्या अडचणीची) तपासणी कधी करायची?

काचकागद | बुधवार, रात्री १०:३०

आधी कान आणि डोळे तपासून घ्या, हे निम्मे पालक विसरतात. पक्कं निदान सहसा आठव्या वर्षाच्या आसपास करतात. सायनच्या टिळक रुग्णालयात त्यासाठीचं क्लिनिक आहे. पण मदत सुरू करायला निदानाची वाट बघायची नसते. साडेसहाला 'वास' वाचणं यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. यमक जुळवता येत नाही, शब्दातला पहिला आवाज वेगळा सांगता येत नाही, घरात कुणाला असा त्रास होता, असं असेल तर लक्ष ठेवा.

---

भांडुपची_चिमणी | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी ४:१०

मंडळी, धागा वर काढतेय.

पहिलं म्हणजे काचकागद, तुम्ही ज्योतिषी आहात. जुन्या वह्या काढल्या, तर चार ठिकाणी वॉजचं स्पेलिंग वाय-ए-एस. शाळेच्या बाईंनी त्यावर लाल फुली मारली होती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. तिला म्हटलं, वायचं नाव व-ने सुरू होतं म्हणून लिहिलंस का? तर 'हो, मग?' असं माझ्याकडेच बघायला लागली, जणू मीच ढ.

कात्री चालवली. सरळ शब्दांची गड्डी फ्रीजवर आणि हट्टी शब्दांची बिस्किटांच्या डब्यात. त्या डब्याला तिनेच नाव दिलं, 'आगाऊ'. जाळीचा तुकडा पुतण्याच्या खिडकीतून मिळाला. पहिले तीन दिवस सगळं बरोबर केलं आणि पालथ्या पट्टीला रडारड. मला बघू दे, एकदाच बघू दे. तिथे मी दोनदा विरघळले, ती दोन्ही वेळा उतरवून मोकळी झाली आणि संध्याकाळी विसरली. तिसऱ्यांदा नवऱ्याला बसवलं. तो विरघळत नाही.

सासूबाईंची बाजू बदलली आहे. कडबोळ्यांचं पीठ मळलं होतं. त्यांनी चिऊला एक गोळा दिला आणि म्हणाल्या, कर तुझा तो सेड. दोघींनी वळून एस-ए-आय-डी तळला. आय सुटून तेलात गेला. तेव्हापासून चिऊ लिहिताना तिथे थांबते आणि म्हणते, 'तेलात पडलेला'. आता ए-आयला लाल रंग लावायची गरजच नाही.

शुक्रवारी दहात सात. मागे तीन होते. काल एलबीएस रोडवर रिक्षात बसलो होतो, पुढे ट्रक. हॉर्न ओके प्लीजवर राज्यात २०१५ मध्ये बंदी आली असं ऐकलंय, पण त्या ट्रकला कुणी सांगितलं नसावं. चिऊने शेवटचा शब्द वाचला, 'प्लीज'! मी कधी शिकवला नव्हता, पण आहे म्हणे त्या २२० मध्ये. कसा वाचलास विचारलं, तर प, ल आणि स तर दिसतातच, मधलं आगाऊ आहे, असं म्हणाली. रिक्षावाले काका मागे वळून बघायला लागले, मीच त्यांना म्हटलं, पुढे बघा.

चुकलेले तीन शब्द: दे, देम, देअर. टी-एच-ईने सुरू होणारे तिन्ही एकमेकांत मिसळतात. त्याचं काय करू?

---

काचकागद | शनिवार, रात्री ११:१५

तेलात पडलेला आय मी उद्याच वर्गात सांगणार, तुमची परवानगी धरून चालते.

ते तीन एकत्र आणू नका. आधी एकटा 'देम', तो सरळ आहे, शेवटचा म ऐकू येतो. तो पालथ्या पट्टीवर चार दिवस सलग आला की मगच 'दे', आणि 'देअर' पुढच्या महिन्यात. शाळा मागेल तेव्हा चुकू दे.

---

खडूस_बाप | रविवार, सकाळी ८:५०

ती जाळी मीटरवर मिळते का? धाकट्यासाठी विचारतोय.

रेघोटी | रविवार, सकाळी ९:०५

मिळते. प्लास्टिकचीच मागा, लोखंडी देतील. पाव मीटर पुरते, पत्त्यांच्या बंगल्याला उरेल थोडी.